कडी बाहेरच्या बाजूला

"म्हणजे नकाशा तूच आखणार, आणि मग तो तुझ्याच नजरेआड करणारही तूच?" गिइचीने मुळ्याचं लोणचं कचाकचा चावत विचारलं. "आणि त्या अंधारात शिरून घाबरणार कोण? तीही तूच."

"हो."

"मग त्याला प्रोग्रॅम कशाला हवा? डोळे मीट की. फुकटात काम होईल."

इत्सुए हसली नाही. गिइची तिचा थोरला भाऊ. उभा जन्म डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेल्यावर पुन्हा या वडिलांच्या घरात राहायला आलेला, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. इत्सुएने लग्न केलं नव्हतं. बंदराजवळच्या एका छोट्या कारखान्यात ती दातांच्या कवळ्या घडवायची. दिवसभर मेण आणि प्लास्टर, आणि अनोळखी माणसांचे जबडे. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही असं गावातल्या कुणीही सांगितलं असतं, आणि तिनेही ते खरंच म्हणून मान डोलावली असती. एक गुरुवार तेवढा सोडला तर.

दर गुरुवारी संध्याकाळी ती लवकर जेवून घेई आणि लॅपटॉप उघडून मोझूबरोबर खेळायला बसे. एकीने गोष्ट चालवायची, दुसरीने त्या गोष्टीतलं माणूस होऊन जगायचं. काही अवघड करायची वेळ आली की फासे टाकायचे आणि फासे सांगतील ते निमूट मानायचं, असा तो खेळ. लोक तो बोलून खेळतात, या दोघी लिहून खेळत. आठ वर्षं हे असं चाललं होतं. मोझू म्हणजे खाटीक पक्षी, तेव्हा ते काही खरं नाव नव्हे. इत्सुएचं तिथलं नाव मुगी, म्हणजे सातू. दोघींनी एकमेकींचा आवाज कधी ऐकला नव्हता, चेहरा पाहिला नव्हता, वयही विचारलं नव्हतं. या खेळातल्या लोकांची तशी रीतच आहे. नाव-गाव विचारणं म्हणजे परक्याच्या न्हाणीघरात डोकावणं, इतकं ते वाईट मानतात.

आणि जानेवारीपासून मोझू यायचीच बंद झाली होती.

इत्सुएने एकदा लिहिलं, 'थंडी फार आहे, जपून राहा.' उत्तर आलं नाही. आपलं काही चुकलं का, या विचाराने तिचा जीव खाल्ला, पण पुन्हा लिहिलं नाही. गेलेल्याच्या मागे लागायचं नाही, हीदेखील रीतच. तिने हिवाळाभर दर गुरुवारी लॅपटॉप उघडला आणि मिटला. एप्रिलमध्ये चेरीची फुलं गळून गटारात पडली तेव्हा तिने ठरवलं, अर्धवट राहिलेली गोष्ट आपण एकटीनेच पुरी करायची. मोझूची सोंगटीही आपणच हलवायची. मेलेल्या माणसाचा स्वेटर पुरा विणावा तसलं हे काम आहे असं तिच्या मनात आलं, आणि आपण 'मेलेल्या' असं का म्हणालो या विचाराने ती दचकली.

"बरं, कुठले कुठले प्रोग्रॅम आहेत ते तरी दाखव," गिइची म्हणाला. बहिणीचा चेहरा पाहून त्याचा सूर उतरला होता.

"हा आमचा नेहमीचा. यात टेबल मांडता येतं, सोंगट्या हलवता येतात. पण नकाशा म्हणजे नुसतं चित्र. सगळं डोळ्यांसमोर."

"मग त्यात एकटीला भीती कसली?"

"तेच तर. दोघी असलो की एक लपवते, एक शोधते. एकटीने खेळायचं म्हणजे फसवायचं ते स्वतःलाच. आणि हा दुसरा. याच्यात सगळं आहे."

"मग?"

"सगळं इंग्रजीत आहे. एक बटण दाबलं की बाकीची रुसून बसतात."

"सोडून दे. आणि हा तिसरा? याचा रंग बघ, सरकारी दवाखान्यासारखा."

तिसरा प्रोग्रॅम कुणा एका माणसाने नोकरी सांभाळून घरबसल्या तयार केला होता. दिसायला ओबडधोबड, पण त्यात भिंती आणि दारं आपण आखून दिली की सोंगटीला जिथून जे दिसेल तेवढंच पडद्यावर उरे. बाकी सगळं काळं. ज्याने आखलं त्यालासुद्धा काळं. त्याला प्रश्नही विचारता यायचा, पलीकडच्या खोलीत कुणी आहे का? तो मनातल्या मनात फासे टाकायचा आणि सोंगटी दाराशी पोचेपर्यंत उत्तर सांगायचा नाही.

"हाच घे," गिइची म्हणाला. "निदान घाबरल्याचं समाधान तरी."

तिने तोच घेतला, आणि त्यात मोझूचा नकाशा उघडला.

तो नकाशा शरद ऋतूतला. तोवर गोष्ट नेहमी मोझूच चालवत आली होती, आणि काय चालवायची! पण ऑक्टोबरात तिने लिहिलं होतं, 'मुगी, मला आता गोष्ट धरून ठेवता येत नाही. मध्येच सुटते हातातून. यापुढे तू चालव, मी नुसती खेळते. नकाशा मात्र मीच काढून देणार.' मग तिने हाताने काढून, फोटो घेऊन हा नकाशा पाठवला होता. डोंगरातली जुन्या काळची एक ओसाड सराई. दोघी बहिणी तिथे येतात, धाकटी आत अडकते, थोरली बाहेर राहते. धाकटी मोझू, थोरली मुगी.

इत्सुए एकेक भिंत गिरवू लागली. तिचा हात स्थिर होता, कामच तसं होतं तिचं. प्रत्येक दाराशी प्रोग्रॅम थांबून विचारायचा, दार आहे का? कडी आहे का? कडी कोणत्या बाजूला? मोझूने प्रत्येक दाराला बारीकशी खूण केली होती. आत, आत, आत. माणसांच्या घरात असते तशीच. कोपऱ्यातल्या, साडेचार चटया मावतील एवढ्या खोलीशी ती आली. खूण बाहेरच्या बाजूला होती.

असेना. भुताची सराई म्हटल्यावर एखादी बंद खोली हवीच. ती पुढे सरकली. त्या खोलीपासून संडासापर्यंत भिंतीला लागून एक दुहेरी रेघ गेली होती. इतके दिवस तिला ती नक्षी वाटायची. आता गिरवताना लक्षात आलं की ही धरून चालायची दांडी आहे. कारखान्याच्या मालकाच्या आईसाठी अगदी अशीच बसवली होती. पुढच्या दाराशी पायऱ्या नव्हत्या, चाकाची खुर्ची चढेल अशी उतरण होती. न्हाणीघराबाहेर गोल काढला होता, पाणी तापवायच्या टाकीचा.

जुन्या काळच्या सराईत? इत्सुएने घाईघाईने धाकटीची सोंगटी कोपऱ्यातल्या खोलीत ठेवली आणि अंधार चालू केला.

सगळी सराई काळी झाली. उरली ती चार भिंतींची खोली, आणि खिडकीतून बाहेर गेलेली उजेडाची एक पट्टी. पट्टीत एक गोलसर मोकळी जागा दिसत होती आणि तिच्या कडेला बाक असलेली छपरी; खेळातलं सराईचं फाटक ते इथेच. बाकी जगच नव्हतं.

"हे कुठलं गाव?" गिइची चहा घेऊन मागे उभा होता.

"गाव नाही, सराई आहे. जुन्या काळची."

"कुणाला सांगतेस! ही बस वळवायची जागा आहे. बघ, आत शिरताना डावीकडे जास्त मोकळं ठेवलंय, गाडीचं शेपूट फिरायला. आणि ही छपरी म्हणजे थांबा. शेवटचा थांबा, याच्या पुढे रस्ता नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "ज्याने काढलंय ना, त्याने या खिडकीतून रोज बस वळताना बघितलीय. दुसरं बघायला काही नसेल बिचाऱ्याला."

इत्सुएला जानेवारीतला तो शेवटचा गुरुवार आठवला. त्यातलं अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं, कारण त्या दिवशी मोझू फार सुंदर खेळली होती. इतकी खरी, की वाचताना अंगावर काटा आला होता.

'दार बाहेरून बंद आहे,' मोझूने लिहिलं होतं.

'जोर लावून बघ. फासे टाक.'

फासे वाईट पडले होते. 'दार हलत नाही,' मुगीने लिहिलं.

'मुगी, तू कुठे आहेस?'

'मी फाटकापाशी उभी आहे. तुझी वाट बघतेय. तिथे खिडकी नाही का?'

'आहे. उंच आहे. बाहेर बर्फ आहे.'

'मग खिडकीने ये. फासे टाक.'

या वेळी फासे उत्तम पडले. 'शाब्बास!' मुगीने लिहिलं होतं. 'तू सुखरूप बाहेर पडलीस. फाटकाकडे ये. मी थांबले आहे.'

'आलेच,' मोझूने लिहिलं.

नंतर काही नाही. इत्सुएने थोडा वेळ वाट पाहिली होती. मोझू दमली असेल, पुढच्या गुरुवारी बघू, असं म्हणून ती खुशीत अंघोळीला गेली होती.

तिने हे सगळं गिइचीला सांगितलं. त्याने एकही टोमणा मारला नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पोलिसांकडे जायचं का?" त्याने विचारलं.

"काय सांगू? की खेळातल्या सराईला बाहेरून कडी आहे म्हणून?"

"पत्ता?"

"आम्ही विचारत नाही."

"आठ वर्षं खेळता आणि पत्ता विचारत नाही! धन्य आहे तुमची." मग त्याला काही सुचलं. "ती सुकवलेली तेंदूफळं कुणी पाठवली होती? दोन हिवाळ्यांपूर्वी. मीच संपवली होती."

मोझूनेच पाठवली होती. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकमेकांना कळू नये अशा पद्धतीने ते पार्सल आलं होतं. पण फळांचं खोकं गावच्या शेतकरी संघाचं होतं, आणि गिइची खोकी टाकून देणाऱ्यांतला नव्हता. माळ्यावर त्यात त्याचे जुने मोजे निघाले. झाकणावर गावाच्या नावाचा शिक्का होता, तोचिदाइरा.

"माहीत आहे मला," गिइची म्हणाला. "घाटापलीकडे. माझा रस्ता नव्हता तो, पण माहीत आहे."

गुरुवारी इत्सुएने रजा काढली. सदाहरित झाडांच्या काळोख्या रांगांतून गाडी चढत राहिली. वाटेत दोन गावं लागली, त्यांतल्या एकात माणूसच दिसलं नाही. सावलीतल्या वळणांवर अजून बर्फ होता, घाण झालेला. बाईसाहेबांची भूक मेली का, असं गिइचीने एकदा विचारून पाहिलं आणि भाताचा गोळा एकट्यानेच खाल्ला.

"दादा, परत फिरव गाडी," इत्सुए एकदम म्हणाली. "कुणी नसेलच तिथे. एखादी तरणीताठी पोरगी असेल, लग्न होऊन गेली असेल. हसेल मला."

"वळवायला जागा नाही इथे."

"तू बसवाला ना?"

"म्हणूनच सांगतोय."

रस्ता संपला तिथे गोलसर मोकळी जागा होती. डावीकडे जास्त मोकळी. कडेला छपरी, छपरीत बाक. इत्सुए गाडीतून उतरली आणि मान वर करून पाहिलं. चढावर एक घर, त्याच्या दाराशी सिमेंटची उतरण, आणि कोपऱ्यावर एकच खिडकी. या घरात ती महिनोन्‌महिने हिंडली होती. डोळे बांधून कुणी आत सोडलं असतं तरी ती संडासापर्यंत पोचली असती.

गिइची म्हणाला, "येऊ?"

"नको. तू इथेच थांब."

दार उघडलं ते पन्नाशीच्या पुढच्या एका माणसाने. अंगावर लाकडाच्या गिरणीचा गणवेश, केसांत भुसा. दारावरच्या पाटीवर आडनाव होतं, शिओइरी. आपण काय सांगायचं हे इत्सुएने वाटेत घोकलं होतं, ते सगळं पळालं.

"मी... मुगी," ती म्हणाली.

"मुगी म्हणजे तुम्ही?" तो म्हणाला. "मला वाटायचं मांजर होतं. तिच्या लहानपणचं एखादं. सारखी म्हणायची, गुरुवारी मुगी येणार." त्याने दार पूर्ण उघडलं. "आई जानेवारीत गेली. या. आत या."

मोझूचं नाव फुमिनो होतं. देवघरातल्या फोटोत एक सुरकुतलेली, चष्मेवाली बाई मिश्कील चेहऱ्याने बघत होती. इत्सुएने उदबत्ती लावली, हात जोडले. रडू आलं नाही. येईल कसं, अजून विचारायचं राहिलंच होतं.

"खोली बघू का मी?"

त्याने 'कोणती' असं विचारलं नाही. दांडी धरून ती बोळातून गेली. धरायची गरज नव्हती, तरी धरली. साडेचार चटया, एक गुंडाळलेली गादी, जमिनीलगतच्या मेजावर टॅबलेट. दाराच्या बाहेरच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, स्क्रूंची भोकं होती. कडी काढून टाकलेली होती.

"दोनदा निघून गेली होती ती," मुलगा भोकांकडे बघत म्हणाला. "एकदा नदीशी सापडली. गुरुवारी माझी संध्याकाळची पाळी असायची. घरात दुसरं कोण आहे? मी कडी लावायचो. लोक काय काय बोलले नंतर. बोलू देत." तो थांबला. "पण खिडकीकडे तिने कधी बघितलंसुद्धा नव्हतं हो! दाराशी जायची, ढकलायची, परत येऊन बसायची. त्या दिवशी कुठून सुचली तिला ती खिडकी, तेच कळत नाही मला. अजून कळत नाही. झोपताना तेच येतं डोक्यात."

न बोलता निघून जाता आलं असतं. या घराला, या माणसाला तिचं खरं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. खेळाची रीतही तिच्याच बाजूची होती. इत्सुएने खिडकीकडे पाहिलं. खाली गोल मैदान, छपरी, आणि छपरीजवळ गाडीला टेकून उभा असलेला तिचा भाऊ.

"मी सांगितली," ती म्हणाली. "खिडकी मी सांगितली. ती म्हणाली दार बंद आहे, मी म्हटलं खिडकीने ये. मला वाटलं, खेळ चाललाय. मी तिला शाब्बास म्हटलं."

आता हा ओरडेल, हाकलून देईल, असं इत्सुएला वाटलं; तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"कडी मी लावली होती," तो म्हणाला.

मग दोघंही खाली बसली, तिथेच, गादीच्या दोन बाजूंना.

"थांब्यापर्यंत गेली ती," तो सांगू लागला. "मी उशिरा आलो तेव्हा सगळीकडे शोधलं. नदीवर गेलो आधी, मूर्खासारखा. आणि ती इथेच होती, माझ्या नाकाखाली. पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरला दिसली, बाकावर. चांगला कोट घातलेला. हातमोजे. आणि कवळी घातली होती तिने. घरात कधी घालत नसे. जेवताना नाही, माझ्याशी बोलताना तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गोंधळलेल्या बाईने कवळी कशी शोधली?"

इत्सुएने मान खाली घातली. लोकांना वाटतं माणूस कवळी जेवायला घालतो. तसं नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने घडवलेल्या निम्म्याअधिक कवळ्या डब्यात पडून असतात, आणि कुणाला भेटायला जायचं असलं की निघतात. आठ वर्षं मोझूला तिच्याशी बोलायला दात लागले नव्हते.

"तिथे कोण येणार होतं?" मुलाने विचारलं. "कुणाची वाट बघत होती ती?"

"माझी," इत्सुए म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं, मी फाटकापाशी उभी आहे म्हणून."

आता मात्र तिला रडू आवरलं नाही. तो उठून बाहेर गेला आणि खूप वेळाने चहा घेऊन आला. तिने तो पुरा प्यायला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

निघताना तिने त्याला विचारलं, खाली थोडा वेळ बसले तर चालेल का? तो म्हणाला, बसा की, बसायलाच आहे ते.

इत्सुए छपरीतल्या बाकावर जाऊन बसली. गिइचीने तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली. पाच वाजले तसं गावच्या भोंग्यावरून मुलांना घरी बोलावणारं गाणं वाजलं. संपलं, आणि समोरच्या डोंगराकडून तेच गाणं पुन्हा आलं, जरा हळू, जरा उशिरा. मोझूने कधीतरी लिहिलं होतं, 'आमच्याकडे पाचचं गाणं दोनदा वाजतं. एक आपलं, एक डोंगराचं.' इत्सुएला ते गोष्टीतलं वाक्य वाटलं होतं.

मग खालून चढ चढून बस आली. मैदानात शिरताना डावीकडे जास्त जागा घेऊन वळली आणि बाकासमोर येऊन थांबली. आत कुणी नव्हतं. दार उघडलं. ड्रायव्हरने बाकावरच्या बाईकडे पाहिलं. ती कडेला सरकून बसली होती, दुसऱ्या कुणासाठी जागा ठेवल्यासारखी.

"येताय का?" त्याने विचारलं.

इत्सुएने नाही म्हणून मान हलवली. तरी त्याने लगेच दार लावलं नाही. थंड वारा बसच्या आत जात राहिला. मग दार मिटलं, आणि बस दिवे लावून रिकामीच खाली उतरली.